टिन व्हिसल खरखरायला लागली तर आधी फट बघा

टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची, धातूची छोटी उभी बासरी. तिचा सूर फुसका यायला लागला की लोक नवी व्हिसल घ्यायला निघतात. दोष बहुतेक वेळा माऊथपीसमध्ये, म्हणजे तोंडात धरायच्या टोकात असतो. फुंकलेली हवा जेमतेम मिलीमीटरभर उंचीच्या फटीतून माऊथपीसवरच्या चौकोनी भोकाच्या, म्हणजे खिडकीच्या धारेवर आदळते. फटीत एक थेंब अडकला तरी सूर बिघडतो.

वाजवता वाजवता थेंब अडकला तर खिडकीवर बोट अलगद ठेवून जोरात फुंका, निघून जातो. सारखंच होत असेल तर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब थोड्या पाण्यात मिसळून फटीत सोडा आणि तसाच वाळू द्या. मग वाफेचे थेंब न साचता पाणी पसरून वाहून जातं. सुई, टाचणी मात्र अजिबात घालू नका. धारेवर एक ओरखडा पडला की तो सूर परत येत नाही.

धुवायला कोमट पाणी आणि लिक्विड पुरे. नळी आतून पुसायला पातळ काडीला सुती चिंधी गुंडाळा. आपल्याकडे खरी अडचण बोअरच्या पाण्याची. नळाच्या तोटीवर चढतो तसा पांढरा थर फटीतही चढतो, म्हणून शेवटचं खळबळणं जारच्या पाण्यात. थर बसलाच असेल तर माऊथपीस काढून पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन त्यात पंधरा मिनिटं ठेवा, मग स्वच्छ धुवा. हे फक्त प्लास्टिकच्या माऊथपीससाठी. क्लार्क कंपनीच्या जुन्या धाटणीच्या व्हिसलमध्ये आत लाकडी ठोकळा असतो. तो भिजला की फुगतो आणि फट अरुंद होते. ती ओल्या फडक्याने पुसायची, बस्स. पत्र्याची असल्यामुळे भोकांच्या कडांना गंज धरतो, म्हणून पावसाळ्यात कोरडी करूनच कापडी पिशवीत ठेवा.

पितळ काळवंडलं म्हणून आवाज बदलत नाही. भांड्यांच्या पावडरने घासू नका, कण फटीत जाऊन बसतात.

एप्रिल-मे महिन्यात उन्हातल्या गाडीत व्हिसल विसरू नका, प्लास्टिक वाकडं होतं. माऊथपीस डिंकाने घट्ट बसलं असेल तर सांधा अर्धा-एक मिनिट गरम पाण्यात धरा (उकळत्या नाही) आणि पिळून सोडवा. मग सूर उतरवायला ते एक-दोन मिलीमीटर बाहेर ओढता येतं. ढिलं झालं तर नळाला लावतात त्या टेफ्लॉन टेपचा एकच वेढा द्या.