रिकामं घर

शनिवार, रात्री साडेदहा

नेमबाजी शिकवणाऱ्या पोरीने फसवलं. म्हणजे फसवलं असंही नाही, शिकवायची तीच पद्धत आहे म्हणे. पण दुपारपासून डोक्यात तेच घोळतंय. झोप येणार नाही, तेव्हा लिहितो.

रेंजवर तसं ठीक चाललं होतं. दहा मीटर अंतर. सहा-सहाच्या दोन फेऱ्या झाल्या. भोकं कागदभर विखुरली होती, पण कागद सोडून एकही गेली नव्हती. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "काका, या वेळी मी भरून देते." पाठ करून भरलं, रिव्हॉल्वरची मोडलेली मान खटकन सरळ केली आणि हातात दिलं. पहिली सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी चाप ओढला आणि नुसतं टक् झालं. चक्रातल्या मधल्या एका घरात तिने काडतुसाची रिकामी पुंगळी घालून ठेवली होती. त्या टक् बरोबर माझी नळी चांगली चार बोटं खाली गेली. डोळेही मिटले होते म्हणे.

कानावरचं टोपण जरा उचलून ती हळूच म्हणाली, "गोळी नव्हतीच काका. तरी दचकलात."

शेजारच्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू. ते हळू बोलणंच जास्त लागलं.

.३२ चा धक्का तो केवढा? आमच्या बाबांची ठासणीची बंदूक होती, भाटातली, म्हणजे बागायतीतली, माकडं हुसकायला. आमच्याकडे गोव्यात गोळी झाडणं म्हणत नाहीत, फार मारणं म्हणतात. बाबांनी एक फार मारला की कौलं थरथरायची आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. १९७८ साली एनसीसीत .२२ रायफलने, पालथं पडून, पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या दीड इंचात घातल्या होत्या मी. तेव्हा कोणी माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हतं. कागदाकडे बघायचे.

मग आता कशाला दचकलो?

डोळ्यांचं एक कारण आहे, पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही. नेम धरताना नळीच्या टोकावरची माशी स्पष्ट दिसली पाहिजे, पलीकडचं लक्ष्य अंधुक असलं तरी चालतं, हे एनसीसीतही सांगायचे. आता माझं नेमकं उलटं झालंय. दहा मीटरवरचा कागद लख्ख दिसतो आणि हातभरावरची माशी म्हणजे नुसता काळा धूर. दोन भिंगांच्या चष्म्यातून बघायचं तर मान मागे टाकावी लागते, आरशात दाढी करताना टाकतो तशी. चोर येणार आणि मी हनुवटी वर करून उभा! चष्मेवाल्याला सांगितलं, हाताच्या लांबीवर स्पष्ट दिसेल असा एक वेगळा करून द्या. त्याने विचारलं, तिथे काय वाचता? कॉम्प्युटर म्हणून सांगून टाकलं.

बोटाचंही तेच. अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवला की चाप हलका होतो आणि नेम बरा लागतो. पण ती तसं करू देत नाही. घाबरलेल्या माणसाने घोडा ओढून ठेवणं धोक्याचं, म्हणते. नुसत्या चापाने ओढायचं. बोटाच्या पेराला आता सूज आहे.

तरी दचकण्याचं कारण बोटात नाही आणि डोळ्यांतही नाही.

रविवार

काल एक गोष्ट लिहायची टाळली. मे महिन्यातली ती रात्र. मागच्या दारी धप्प झालं. ही गाढ झोपेत. मी उठलो, कपाटापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. चावी देवघरातल्या डबीत असते. काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या ट्रंकेत, तिची चावी आणखी तिसरीकडे. ही सगळी व्यवस्था माझीच, पोरं लहान असतानाची. पोरं आता... असो. कपाटाला हात लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे. सकाळी बघितलं तर बरका फणस पडून फुटला होता, अंगणभर गरे.

त्यानंतरच रेंजवर नाव घातलं. हिला म्हटलं, हल्ली घरं फुटतायत, सराव असलेला बरा. फणसाचं सांगितलं नाही.

काल रात्री घड्याळ लावून बघितलं. डबी, कपाट, दुसरी चावी, ट्रंक, चष्मा, भरणं. साडेचार मिनिटं, तीही दिवे लावून. तोवर येणाऱ्याला बसा म्हणायला हवं, चहा टाकायला हवा.

मी १९५९ चा. शस्त्र कायदाही १९५९ चाच, फक्त तो दिल्लीत झाला आणि इथे तेव्हा पोर्तुगीज होते, म्हणून आमची गाठ उशिरा पडली. लायसन काढलं खाणीवर रोखपाल होतो तेव्हा. पगाराची रोकड जीपमधून वर न्यायची आणि कमरेला हे कानपूरचं रिव्हॉल्वर. एकदाच बाहेर काढावं लागलं होतं. त्याविषयी मला लिहायचं नाही. २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि ते कपाटात गेलं. मग बाहेर निघायचं ते निवडणुकीपुरतं, पोलीस स्टेशनात जमा करायला. २०२२ ला गेलं, २०२४ ला गेलं. मतदान मी केलं, मुक्काम त्याने. गेल्या वर्षी लायसनचं नूतनीकरण झालं. २०१९ च्या दुरुस्तीपासून तीनऐवजी पाच वर्षं मिळतात. पुढच्या खेपेला सत्तरी गाठलेली असेल. त्या काउंटरवरचा पोरगा फोटोकडे बघेल, माझ्याकडे बघेल आणि तोही हळूच काहीतरी बोलेल.

रेंजवर कायदाही सांगितला थोडा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घर फोडणाऱ्याला कायदा अजूनही वेगळा धरतो. आणि रात्र असो की दिवस, बचावाला लागेल तेवढीच इजा करायची. ऐकायला सोपं आहे. तेवढीच म्हणजे किती, हे कपाटाला हात लावून उभ्या असलेल्या माणसाला कोण सांगणार?

आणि मला वाटतं, त्या रात्री मी चोराला भ्यालोच नव्हतो. चावी सापडेल याला भ्यालो होतो.

हे लिहून बराच वेळ थांबलो. खोडावंसं वाटलं. राहू दे.

मंगळवार

पोरीने घरचा अभ्यास दिलाय. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. रिव्हॉल्वर मोडून सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि मग बोट घालूनही बघायची. जाड भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. नळीवर माशीच्या मागे एक रुपया ठेवायचा आणि चाप ओढायचा. नाणं पडलं नाही पाहिजे.

चवथीला गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीचे खिळे आहेत त्या भिंतीसमोर उभा राहिलो. ठण्ण. ठण्ण. रुपया घरंगळत कुठे कुठे जातो. दोनदा पाटाखालून काढला. वाकून उठताना गुडघा बोलतो, म्हणजे व्यायाम दोन्हीकडचा. ही स्वयंपाकघरात सोलकढीसाठी नारळ खवत होती. वर न बघता मोजत होती. "पाच." मग, "आठ. अहो, फरशीला टवके पडतील." नवव्या वेळी हसू मलाच आलं. पाववाल्या पोदेराच्या हॉर्नला नाही दचकत मी. आणि या घरात आवाज करणारं आता काही नाहीच, तरी बोट आधीच तयारीत.

तेरा झाले. बोट दुखत होतं. चौदाव्याला चष्मा काढून ठेवला, तसंही माशी दिसत नव्हतीच. चाप हळूहळू येऊ दिला. कधी टक् झालं ते मलाच कळलं नाही. नाणं जागच्या जागी.

खवणीचा आवाज थांबला.

"काय झालं हो?" असं विचारत ही पदराला हात पुसत दारात आली. काहीच ऐकू आलं नाही म्हणून दचकली होती.