पांढरी चार

गुरुवार, रात्र

झोप येत नाहीये. कारण सांगितलं तर हे हसतील, म्हणून इथे.

आज भजनाला माझा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागला. किती महिन्यांनी. मान न ताणता, भुवया न चढवता, सहज. वहिनींनी शेजारून हात दाबला. मी इतकी खूश, की प्रसादाच्या शिऱ्याची दुसरी वाटी घेतली. आणि मग पेटीचा भाता बंद करण्याआधी अण्णांनी सवयीने एकदा सा दाबला, तर बोट पांढरीवर. पांढरी चार.

मी गेली तीस वर्षं काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गाते. अण्णांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

एक नाही, दोन नाही, तीन स्वर खाली. आणि अवाक्षर नाही.

म्हटलं असतं, 'ताई, आज जरा खाली घेऊ या,' तर मी काय भांडले असते? (असते कदाचित.) पण न सांगता! आजारी माणसाला दुधातून औषध देतात तसं. आणि त्याहून वाईट म्हणजे मला गाताना कळलंसुद्धा नाही. गळा उतरला ते एक वेळ ठीक, कानही उतरला?

घरी येऊन भाजी फोडणीला टाकली नि मोबाइलवर इमा सुमाक लावली, पेरूची ती जुनी गायिका. मामाने बोटीवरून आणलेल्या त्या रेकॉर्डवरची. कव्हरवर राणीसारखी नटलेली बाई, आणि आतून असा आवाज, की आई म्हणायची, 'हिच्या गळ्यात पाखरं कोणी पाळलीत?' सुट्टीत आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो. खालचे सूर दादा काढायचा, वरचे मी. दोघं मिळूनही पुरे पडायचो नाही. आता दादा... असो.

चार सप्तकांच्या वर जायचा तिचा गळा. भक्त लोक पाच म्हणतात. आपल्याकडे खालच्या मंद्रातून निघून वरच्या तारेत पोचलं की मंडळी माना डोलावतात, आणि ही पेरूची बाई आमचा तार षड्ज जिन्याच्या मधल्या पायरीसारखा ओलांडून पुढे. आज ते ऐकताना चक्क राग आला. एकेकाला किती द्यायचं देवाने! मला दोन सप्तकं दिली, त्यातही वरच्या मजल्याला आता कुलूप.

मग 'चुंचो' लागलं. 1953 सालचं, जंगलातल्या आवाजांचं. शब्द जवळजवळ नाहीतच. वरचं पाखरू नेहमीसारखं आलं, यूट्यूबखाली लोक ज्याला 'हे माणसाचं नाही' म्हणतात ते. पण मी थांबले ती खालच्या आवाजाशी. छातीतून, जवळजवळ पोटातून आलेला, जाडाभरडा, जनावरासारखा गुरगुरणारा. बाईने असा आवाज काढायचा नसतो असं आम्हाला न सांगता शिकवलेलं. खर्जाचा रियाज करायचा तो पहाटे, दार लावून, आणि तोही वरचा सूर पक्का व्हावा म्हणून. हिने तो चारचौघांत, दागिने घालून लावला.

दागिन्यांचं सोंग होतंच म्हणा. 1950 मध्ये कॅपिटॉल या अमेरिकन कंपनीने पहिली मोठी रेकॉर्ड काढली तिचं नाव 'व्हॉइस ऑफ द श्टाबाय'. श्टाबाय ही दंतकथा मेक्सिकोतल्या माया लोकांची, बाई पेरूची. काढणाऱ्यांना काय, दोन्ही दूरच. शिवाय ती इंकांच्या अताहुआल्पा राजाची वंशज म्हणे. त्यावर अमेरिकेतल्या टवाळांनी तिचं नाव उलटं वाचलं नि उठवून दिलं, की ही ब्रुकलिनची एमी कामुस! खरं नाव सोइला आउगुस्ता एम्पेरात्रिस चावारी. एम्पेरात्रिस म्हणजे सम्राज्ञी. आईबापांनी नावातच राज्य दिलेलं, तरी वर इंकाचा मुकुट हवाच होता लोकांना. आता ते मुकुट-बिकुट बघून हसू येतं. आवाज लागला की हसू थांबतं. सत्तर वर्षांपूर्वीचा आहे, आणि तरी माझ्या भाजीला करपायला लावतो.

(करपलीच. ह्यांनी काही न बोलता खाल्ली. हेही अण्णांच्यातलेच.)

जेवण झाल्यावर पुन्हा तेच मनात. का सांगितलं नाही? दया म्हणून? की मी तार षड्जाला पोचत नाही तेव्हा माझा चेहरा कसा होतो, ते पेटीमागून त्यांना दर गुरुवारी दिसतं म्हणून? हा विचार आला आणि भांडी घासता घासता मला हसूच आलं. तीस वर्षं त्या चेहऱ्यासमोर बसून भाता मारायचा म्हणजे खायचं काम नाही.

मागचं दार लावून घेतलं. तानपुऱ्याचं ॲप पांढरी चारवर ठेवलं आणि खाली उतरून पाहिलं. मंद्र पंचम, मध्यम, गंधार. गंधाराला आवाज अगदी भांड्यात चमचा हलवल्यासारखा, पण होता. काळी चारात तिथवर मी कधी गेलेच नव्हते, जायचं कारणच नव्हतं. ह्यांनी आतून विचारलं, 'फ्रिज आवाज करतोय का?'

म्हटलं, हो.

साडेअकराला अण्णांना 'चुंचो'ची लिंक पाठवली. अण्णा जागेच होते. पाच मिनिटांनी उत्तर: 'अफाट! ही बाई गाते कुठल्या पट्टीत?'

मी लिहिलं, 'तुम्ही न सांगता द्याल त्या.'

दोन निळ्या टिका आल्यात. वर नुसतं 'टायपिंग' दिसतंय, थांबतंय, परत दिसतंय.