डोंगराचं जानवं

दिवाळी नुकतीच आटोपली होती. फराळाच्या डब्यांत तळाचा चुरा उरला होता आणि तेवढ्यात लेकीने जाहीर केलं, "आई, डोंगर उघडला!" डेन्व्हरला आल्यावर पहिली काही वर्षं मला हे वाक्यच कळत नसे. डोंगर काय दुकान आहे, उघडायला? पण इथे तो उघडतो. लव्हलँड आणि अरॅपाहो बेसिन ही स्कीची दोन ठिकाणं शेजारी-शेजारी. आधी कोण उघडणार याची चुरस ऑक्टोबरपासूनच सुरू होते. स्कीवाल्यांचं तर विचारूच नका, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. अंगणात अजून पानगळ चाललेली असते आणि हे गाडीच्या टपावर स्की बांधून निघालेले.

आम्हीही निघालो. अरॅपाहो बेसिनला जायचं तर मोठा रस्ता बोगद्यात शिरायच्या आत सोडायचा आणि लव्हलँड खिंडीचा घाट चढायचा. उंची 11,990 फूट. बोगद्यात ज्वालाग्राही माल न्यायला बंदी असल्यामुळे पेट्रोलचे टँकरही याच घाटाने जातात. प्रत्येक वळणावर पुढे टँकर, उजवीकडे दरी आणि मागच्या सीटवर लेक चकली खातेय.

खिंड ओलांडली आणि समोर डोंगर दिसला. मी गाडीत मोठ्याने हसले. आख्खा डोंगर तपकिरी, उघडाबंब. गवत वाळलेलं, दगड बाहेर. आणि त्या उघड्या अंगावर वरून खाली तिरपी, एकच पांढरी पट्टी. स्नानाला निघालेल्या भटजींच्या अंगावरचं जानवं! इथले लोक गमतीने तिला मृत्यूची पांढरी फीत म्हणतात, कारण जेवढे म्हणून उतावळे आहेत ते सगळे त्या एकाच फितीवरून एकाच वेळी घसरत असतात.

फीत एकच असली की आणखी एक पंचाईत होते. एरवी माझ्यासारख्या नवशिक्यांसाठी हिरव्या खुणेच्या सोप्या वाटा असतात. इथे सुरुवातीला उघडते ती बहुधा 'हाय नून' नावाची, आणि ती निळी. निळी म्हणजे 'येत असेल तर या'. मला येत नव्हतं. मी चाळिशीत स्की शिकायला घेतलेली नागपूरची बाई. भाड्याचे बूट घालून पार्किंगमधून चालतानाच माझी अर्धी हिंमत संपते. त्या बुटांत घोटा वाकत नाही, दोन उखळांत पाय घालून चालल्यासारखं वाटतं.

"पिझ्झा कर, आई, पिझ्झा!" लेक खालून ओरडत होती. स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, म्हणजे पिझ्झ्याचा तुकडा, म्हणजे ब्रेक. इथल्या लेकरांना असंच शिकवतात. मी पिझ्झा केला. पिझ्झ्याची पोळी झाली, आणि मी आडवी.

आपटल्यावर कळलं की हा बर्फ वेगळाच आहे. आभाळातून पडणारा भुसभुशीत असतो, त्याला सहा पाकळ्या असतात. हा कडक. हातात घेऊन बघितलं तर बारीक-बारीक गोळे, भिजवायच्या आधीच्या साबुदाण्यासारखे. आभाळाचा याच्याशी फारसा संबंध नव्हता. हा रात्रभर पाणी फवारणाऱ्या तोफांनी केलेला बर्फ. साधारण 18 इंचांचा थर जमला की डोंगर उघडायचा.

बाजूच्या बंद उतारावर एक तोफ चालूच होती. मी धापा टाकत कडेला उभी होते, तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, "एवढं स्वच्छ ऊन पडलंय, बर्फ होतो कसा?" तो म्हणाला, थर्मामीटरवर जाऊ नका, हवा किती कोरडी आहे ते बघा. तोफेतून पाणी आणि दाबलेली हवा एकत्र फवारतात. थेंब उडता-उडता त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. त्यामुळे हवा शून्याच्या अंशभर वर असली तरी कोरडेपणाच्या जोरावर थेंब गोठतो. दमट हवेत मात्र शून्याच्या अंशभर खाली जाऊनही जमत नाही.

अरे, हा तर कूलर!

एप्रिल लागला की बाबा माळ्यावरून कूलर काढायचे, वाळ्याच्या ताट्या बदलायचे, पंपाच्या नळ्यांतला क्षार सुईने टोकरायचे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत खोली गार. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच कूलर नुसता चिकचिक करायचा. मुंबईची मावशी आमच्या कूलरचं कौतुक करायची आणि "आमच्याकडे नाही हो चालत" म्हणायची. दमट हवेचं गणित घरात सगळ्यांना पाठ होतं, फक्त त्याला कोणी गणित म्हणत नसे.

पुढे वाचलं, तेव्हा मूळ उद्योगही ओळखीचाच निघाला. 1950 साली कनेक्टिकटमध्ये स्की बनवणाऱ्या तिघांचा धंदा बर्फाविना बसला होता. त्यांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर आणि बागेचा पाइप जोडून बर्फ पाडला. नागपूरच्या इतवारी बाजारात सामान घेतलेल्या कुठल्याही माणसाला हे सुचलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. फक्त त्याला बर्फाचं काय करायचं ते कळलं नसतं.

रात्री नागपूरला फोन लावला. आईचं ठरलेलं, "काऊन करता बाप्पा हे नसते उद्योग? हातपाय मोडून घेशीन!" बाबांनी मात्र फोन हातात घेतला आणि थेट मुद्द्याला हात घातला. "पाणी कुठून घेतात?"

पाणी तिथल्याच ओढ्यातून घेतात. स्नेक नदीचा फाटा आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळला की बरंचसं तिथेच परत जातं. मग डिलनच्या धरणात, आणि तिथून डोंगराच्या पोटातल्या 37 किलोमीटर लांब बोगद्यातून डेन्व्हरकडे. आमच्या नळाला.

"अन् तुमच्या छतावर ते एक धूड आहे ना?"

आहे. इकडे त्याला स्वॉम्प कूलर म्हणतात. डेन्व्हरची हवाही कोरडीच.

बाबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तू कूलरच्या पाण्यावरच आपटली म्हन ना!" आणि माझ्या कमरेची चौकशी करायच्या ऐवजी त्यांनी विचारलं, "त्याच्या ताट्या कोण बदलवतं?"

तीन वर्षांत कोणीच बदलल्या नव्हत्या. मी रेंज जात असल्याचं सांगितलं.