आमची वाटचाल : पाना मालकाच्या हातात

आमचा धंदा नक्की काय हे एका वाक्यात सांगायला जमत नाही. गॅरेज आहे, पण गाडी आम्ही दुरुस्त करत नाही, म्हणजे करतो, पण पाना मालकाच्या हातात असतो आणि आम्ही शेजारी उभे असतो. वर्षानुवर्षं कव्हरखाली पडून राहिलेल्या जुन्या स्पोर्ट्स कार इथे येतात. जागा, लिफ्ट, हत्यारं आमची आणि मेहनत त्यांची.

सुरुवात माझ्याच पोर्शे ९४४ पासून झाली. ही गाडी १९८२ ते १९९१ या काळात बनली, माझी अडीच लिटरची, चार सिलिंडर, इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे. बरीच वर्षं उभी होती. ज्या गॅरेजमध्ये विचारलं तिथे एकच उत्तर, एवढ्या जुन्या बंद गाडीत हात घालत नाही, जागा अडते आणि काम कधी संपेल सांगता येत नाही. त्यांचंही खरंच होतं म्हणा, दिवसाला ठराविक गाड्या बाहेर काढायच्या असतील तर अशी गाडी परवडत नाही. मग मी आणि माझा मित्र (आता पार्टनर) दोघांनी मॅन्युअल उघडलं आणि सुट्टीच्या दिवशी काम करायला लागलो.

तिथेच कळलं की बंद गाडीत सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे चावी. लोकांना वाटतं नवी बॅटरी लावावी, सेल्फ मारावा, बघू काय होतं ते. ९४४ मध्ये टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा रबरी पट्टा) तुटला किंवा दात सोडून सरकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, म्हणजे एका सेल्फमध्ये अख्खं हेड, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, खोलायची वेळ. आणि बेल्ट बाहेरून चांगला दिसतो हो, चिरा नाहीत काही नाही, पण रबर जुनं असतं आणि इतकी वर्षं पुलीभोवती एकाच जागी वाकून बसलेलं असतं. त्यात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्याचं बेअरिंग सुकून जाम झालं तरी बेल्टच जाणार. बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) वेगळा बेल्ट आहे, तो तुटून मुख्य बेल्टमध्ये अडकला तरी तेच. म्हणून बेल्ट, रोलर, वॉटर पंप सगळं एकदम बदलायचं, यात काटकसर नाही.

माझी गाडी चालू झाली तशी मित्रांच्या मित्रांच्या गाड्या यायला लागल्या. येणाऱ्या माणसाला गाडी दुरुस्त करून नको होती, त्याला स्वतः करायची होती, फक्त भीती वाटत होती. आमच्या डोक्यात धंद्याची कल्पना तिथून आली. पहिली लिफ्ट घेतली, मग बोअरस्कोप (इंजिनात घालून बघायचा बारीक कॅमेरा), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायला), चांगले टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचे पाने). पार्टनर पार्ट शोधण्यात वस्ताद, ते खातं त्याच्याकडे. हेड घासणं, बोअर करणं, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) ग्राइंड करणं हे आम्ही करत नाही, ते मशीन शॉपचं काम आणि ते मालकाला पहिल्या दिवशीच सांगतो.

आमच्याकडे पहिला दिवस कंटाळवाणा असतो. सगळे प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून बोअरस्कोप घालून आत बघायचं, थोडं पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) सोडायचं आणि घरी जायचं. होय, घरी जायचं! नंतर गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने फिरवायचं. अडलं की थांबायचं, ब्रेकर बारला (सॉकेटच्या लांब दांड्याला) पाइप लावून जोर करायचा नाही.

एक गाडी चांगलीच लक्षात राहिली, एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसीचं जुन्या पद्धतीचं पुशरॉड इंजिन, लोखंडी ब्लॉक. मालक शाळेत शिकवणारे, हात अगदी हलका. इंजिन पूर्ण जाम. बोअरस्कोपने पाहिलं तर तीन सिलिंडर ठीक आणि एकात पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या होत्या तिथे गोल नारिंगी पट्टा. एकच का? कारण गाडी बंद केली तेव्हा त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, ओल आत शिरत राहिली. सर रोज येऊन तेल सोडायचे, सॉकेट लावून पुढे-मागे हलवून बघायचे, काही नाही. मग एक दिवस सॉकेट केसभर सरकलं आणि सर ओरडले, आम्ही दोघं धावत गेलो. तिथूनही घाई नाही, थोडं पुढे, तेवढंच मागे, असं करत पूर्ण फेरा झाला. नंतर कॉम्प्रेशन घेतलं तर तोच सिलिंडर कमी, थोडं ऑइल टाकून परत घेतलं तर आकडा वर आला, ऑइलने रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजते, म्हणजे दोष रिंगांकडे, व्हॉल्व्हकडे नाही. हे सरांनी स्वतःच ओळखलं, आम्ही गप्प होतो. शेवटी इंजिन खोलावंच लागलं, पण काय खोलायचं आणि का हे माहीत असताना.

एका बाबतीत मात्र मालकाचं ऐकत नाही, पेट्रोल. जुनं पेट्रोल टाकीत चिकट होतं, इथेनॉल असेल तर पाणी धरतं, टाकी आतून गंजते. टाकी उतरवायची, साफ करायची, पंपाची जाळी आणि फिल्टर बदलायचे, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) तपासायचे. पेट्रोलचे रबरी होज (नळ्या) तर सगळे काढून फेकायचे, वरून कितीही बरे दिसोत. एका सप्लायरने इंजेक्शनचा म्हणून दिलेला होज थोड्याच दिवसात फुगून मऊ पडला, नशीब लिफ्टवरच दिसला. तेव्हापासून एसएई जे३०आर९ (इंजेक्शनच्या होजचं मानक) छापलेलं असल्याशिवाय लावत नाही आणि पहिल्या स्टार्टच्या आधी प्रत्येक जोड आमच्यापैकी एकजण हाताने चाचपतो, आग विझवायचा सिलिंडर शेजारी ठेवून.

स्टार्टच्या दिवशीसुद्धा आधी स्पार्क आणि पेट्रोल बंद ठेवून, प्लग काढलेले असतानाच सेल्फ मारायचा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. ९४४ वाले इथे हमखास अडकतात, सगळं नवीन आणि तरी गाडी पकडत नाही. बऱ्याचदा डीएमई रिले (इंजिनच्या कंप्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) असतो, आतले सोल्डर तडकलेले. छोटासा रिले, माणूस मात्र निम्मं वायरिंग उपसून बसलेला असतो.

आता दुसरी लिफ्टही आलीये आणि दोन्ही कधी रिकाम्या नसतात, म्हणून नवीन लोकांना थांबावं लागतं. माझ्या मते तेही बरंच आहे, तोपर्यंत मॅन्युअल वाचून होतं. गाडी आणायची तर ट्रेलरवर आणा, बॅटरी काढून ठेवा, जुन्या पेट्रोलवर नवीन ओतू नका, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं दिसलं तर ते तिथेच राहू द्या, आत कुठपर्यंत गेलंय ते आपण मिळून बघू.