पेन्सिलच्या तारखा आणि मधली चार वर्षं

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांचं काम बघायला लागून मला बारा वर्षं झाली, म्हणजे संडे स्कूल, सुट्टीतली शिबिरं आणि तेरा ते सतरा वयाच्या पोरांचा ग्रुप, आणि यातलं अवघड काय विचाराल तर तो ग्रुपच. लहान मुलं ऐकतात, मोठी सरळ निघून जातात, ही मधली समोर बसतात आणि ऐकत नाहीत.

तर महिन्यातून एकदा आम्ही कुणातरी ज्येष्ठांना साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगायला, बोलावतो. त्यासाठी माझा एक ठरलेला कागद आहे, होता म्हणू आता. त्यावर तीन प्रश्न: प्रभू भेटायच्या आधी मी कसा होतो, प्रभू कसा भेटला, नंतर काय बदललं. वेळ वीस मिनिटं. हे काही मी मनाने काढलेलं नाही, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये २६ मध्ये प्रेषित पौल अग्रिप्पा राजासमोर बोलतो त्याचा साचा साधारण असाच आहे. पण मग सगळ्यांच्या साक्षी एकाच मापाच्या यायच्या. आजार, प्रार्थना, बरं वाटलं, आमेन. मुलांना शेवट आधीच पाठ.

त्या रविवारी ज्या आजी आल्या त्या सत्तरीच्या पुढच्या, आवाज बारीक, त्यात माइक बंद पडला आणि चष्मा घरी राहिल्यामुळे हातातला माझा कागद त्यांना वाचता येईना. म्हटलं झालं, आजचा दिवस गेला. शेवटी खुर्च्या गोल लावल्या आणि निव्वळ वेळ काढायला म्हणून आजींचं बायबल मुलांमध्ये फिरवलं, बघा किती जुनंय वगैरे काहीतरी बोलले असेन.

पाठीची शिवण उसवलेली, त्यावर चिकटपट्टी, तीही पिवळी पडलेली. आणि समासात पेन्सिलने तारखा. वचनाशेजारी तारीख आणि एकदोन शब्द, 'ताप उतरला', 'निकाल', 'भांडण मिटलं', एके ठिकाणी नुसतंच 'आज'. मुलं चक्क मोठ्याने वाचायला लागली. एक मुलगी, जी एरवी हुडीतून तोंड बाहेर काढत नाही, ती ऐकता ऐकता मोबाइलवर वर्षं टिपत होती, आणि तिने एकदम विचारलं, "आजी, या मधल्या चार वर्षांत एकपण तारीख नाहीये. बायबल हरवलं होतं का?"

आजी म्हणाल्या, "हरवलं नव्हतं. कपाटावर होतं. मी उघडलं नाही."

मी उठलेच होते सावरून घ्यायला, कारण या पोरांच्या आयांचे फोन शेवटी मलाच येतात. पण आजी बोलत राहिल्या. धाकटा भाऊ गेला, अख्खी मंडळी उपास-प्रार्थना करत होती तरी गेला, आणि नंतर भेटायला आलेल्यांपैकी एकाने सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडला. त्या दिवशी बायबल वर ठेवलं.

"मग परत कशा आलात?" हे मागच्या रांगेतल्या मुलाने विचारलं, आणि खरं सांगते, बारा वर्षांत त्या वयाच्या मुलाने साक्ष देणाऱ्याला स्वतःहून विचारलेला प्रश्न मला आठवत नाही.

"एक मैत्रीण दर बुधवारी यायची. देवाचं नाव काढायची नाही, कपड्यांच्या घड्या घालू लागायची आणि जायची. दोन वर्षं. एका रविवारी ती निघाली, मी पण चप्पल घातली." चमत्कार वगैरे काही नाही. आणि भाऊ का गेला ते अजून कळलेलं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. तास संपला तरी चौघं-पाचजण तिथेच खुर्च्या ओढून बसली होती.

रात्री घरी मी बायबलमधला यहोशवा ४ काढला. इस्राएल लोकांनी आठवण म्हणून यार्देन नदीतून उचललेले बारा धोंडे, आपण संडे स्कूलमध्ये चित्रं रंगवून घेतो तोच अध्याय. तिथे सहाव्या वचनात आहे की पुढे तुमची मुलं विचारतील, या धोंड्यांचा अर्थ काय. म्हणजे आधी मूल विचारणार, मग तुम्ही सांगायचं. निर्गम १२ मध्ये वल्हांडण सणाचंही तसंच आणि अनुवाद ६ मध्ये आज्ञांचंही. मी मात्र बारा वर्षं विचारायच्या आधीच उत्तरं वाटत होते, तीही मधला भाग कापून. आणि ज्या पौलाचा साचा घेतला त्याच पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, हे २ करिंथ १२ मध्ये आहे, ते माझ्या कागदात बसतच नव्हतं.

पुढच्या महिन्यासाठी एका काकांना फोन केला. म्हणाले, "तो कागद पाठव." म्हटलं कागद नाही, घरातली एखादी वस्तू आणा, मुलं विचारतील तेवढंच सांगा. "माझ्याकडे तसलं काही नाही गं," म्हणून ठेवून दिला. दोन दिवसांनी त्यांचाच फोन. मंडळी सोडतोय म्हणून पाळकांना लिहिलेलं एक पत्र आहे, कधी दिलंच नाही, अजून पाकिटात आहे, चालेल का?

म्हटलं, पाकिटासकट आणा.