कॅशच्या डब्यात काय ठेवावं: मुळशीच्या पावसाने लावलेला निकाल

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधायचा खेळ. त्या डब्याला कॅश म्हणतात आणि अदलाबदलीसाठी आत ठेवलेल्या वस्तूंना स्वॅग. चाचणीचा डबा दसऱ्याच्या आठवड्यात उघडला आणि स्वॅगची माझी यादी निम्म्याहून खाली आली. त्याचं दुःख नाही, त्यासाठीच तो ठेवला होता. खरी कॅश अजून प्रकाशित केलेली नाही. आधी डबा आणि आतला माल एक उन्हाळा-पावसाळा काढतो का ते पाहायचं, मग खेळाच्या संकेतस्थळावर नोंदणीला पाठवायची, असं ठरवलं होतं.

जागा पौडच्या पुढे, मित्राच्या शेतातला बांध. जमीन त्याची, परवानगी त्याची, त्यामुळे वनखात्याचा किंवा संरक्षित वास्तूचा प्रश्न नाही. गडावर कॅश ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण संरक्षित गडावर किंवा अभयारण्यात डबा लपवणं हे डोक्यातून काढूनच टाकलेलं बरं. डबा दीड लिटरचा, चारी बाजूंनी लॉक होणारा, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला. कॅशच्या मापांत १०० मिलिलिटरपर्यंत मायक्रो, तिथून एक लिटरपर्यंत स्मॉल आणि २० लिटरपर्यंत रेग्युलर, म्हणजे आपला डबा रेग्युलरमध्ये बसतो. फिल्मच्या डबीत लॉगच्या, म्हणजे शोधणाऱ्यांनी सही करायच्या कागदाच्या, सुरळीपलीकडे काही मावत नाही, त्यामुळे काय ठेवावं हा प्रश्न खऱ्या अर्थाने स्मॉलपासून पुढे सुरू होतो.

मे महिन्यात डबा भरला तेव्हा घरातली मंडळी हसत होती. मेणाचे खडू, वासाची खोडरबरं, कीचेन, पितळी घुंगरू, गोट्या, जुनी नाणी, सावंतवाडीची लाकडी फळं, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, कवड्या, सागरगोटे, चामड्याच्या छोट्या कोल्हापुरी चपलेचं कीचेन, सेफ्टीपिना, रबरबँड. निम्मा माल झिपच्या पिशवीत, निम्मा तसाच मोकळा.

उन्हाने काय केलं

पाऊस यायच्या आधीच दोन गोष्टी बाद झाल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात झाकण उघडलं तर मेणाचे खडू वितळून तळाशी थर झाला होता आणि त्यात एक सेफ्टीपिन रुतून बसली होती. डबा सावलीत होता, पण बांधाचे दगड दिवसभर तापतात आणि बंद डब्याला वारा नाही. रबरबँड चिकट होऊन नाण्यांना लागले होते.

वासाच्या खोडरबराची गत बघण्यासारखी होती. ते एका प्लॅस्टिकच्या कंगव्यावर पडलं होतं. उचलायला गेलो तर कंगवाही वर आला. जिथे दोघं टेकले होते तिथे कंगव्याचे दात मऊ होऊन खोडरबरात बसले होते. खोडरबर लवचीक राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात ते झिरपतं आणि शेजारचं प्लॅस्टिक विरघळवतं. शाळेच्या कंपासपेटीत हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, फक्त कारण विचारलं नव्हतं. शिवाय वास. डब्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. आत शिरल्या नव्हत्या, पण चौकशी चालू होती. वासाचं काहीही ठेवायचं नाही हा नियम जगभर आहे: साबण, अत्तर, मेणबत्ती, उदबत्ती, आणि अर्थात खाऊ. आपल्याकडे मुंग्या, उंदीर आणि माकडं असे तिघंही रांगेत असतात, म्हणून तो जरा जास्तच कडकपणे पाळायचा. 'एक गोळी ठेवली तर काय होतं' असं म्हणणाऱ्याने माकडाने उघडलेला डबा एकदा पाहावा.

पावसाने काय केलं

सिलिकॉनच्या रिंगेने पाणी आत येऊ दिलं नाही. ओल मात्र आली. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि रात्री गारव्यात तिचं पाणी होतं. निळे दाणे असलेली सिलिका जेलची पुडी ठेवली होती. जुलैच्या मध्यापर्यंत दाणे पार गुलाबी. तव्यावर गरम करून पुन्हा निळे होतात, पण ते करायला दर पंधरवड्याला डब्यापाशी कोण जाणार? सिलिका जेल पावसाळा सुरू होताना आणि संपताना, एवढ्याच कामाची. भर श्रावणात तिच्यावर विसंबू नये.

झिपच्या पिशवीबद्दलचं माझं मत या पावसाळ्यात बदललं. एकदा ओल आत गेली की पिशवी ती बाहेर सोडत नाही. मोकळ्या ठेवलेल्या सेफ्टीपिनेला ठिपक्यांचा गंज होता, पिशवीतली पूर्ण तांबडी. लॉगबुकला पिशवी हवीच, पण स्वॅगला नको. जी वस्तू पिशवीशिवाय टिकत नाही ती ठेवूच नये, असा सोपा हिशेब आता लावतो.

सगळ्यात मोठा गुन्हेगार कीचेन. वरचा भाग रबराचा, प्लॅस्टिकचा, छानच असतो, पण कडी मुलामा दिलेल्या लोखंडाची. मुलामा सुटला की गंज शेजाऱ्यांवर उतरतो. लॉगच्या सुट्या पानावर कडीचा गोल नारिंगी शिक्का उमटला होता. कीचेन ठेवायचंच असेल तर कडी काढून टाका आणि जाड नायलॉनचा दोरा ओवा.

चामड्याच्या कोल्हापुरीवर हिरवट बुरशी, वास वेगळाच. सावंतवाडीच्या फळांवरचा रंग देठापाशी सुटला, कारण तिथे लाकूड उघडं असतं आणि ते ओल पितं. दिसायला इतकी गोड वस्तू, पण ती शोकेससाठी. घुंगरू काळपट झाले, आवाज मात्र तसाच. त्यांना मी पास केलं. पेन ठेवू नये, शाई फुटते. शिसपेन्सिलीचं लिखाण ओल्या कागदावरही टिकतं. पण पेन्सिलीबरोबर शार्पनर नको, त्याचं पातं आधी गंजतं. पेन्सिल घरूनच दोन्ही टोकांना तासून ठेवायची.

पास झालेला माल

गोट्या. साध्या काचेच्या, आत रंगीत पाकळी असलेल्या. ऊन, पाणी, मुंगी, काहीही लागत नाही. पुसायचीसुद्धा गरज पडली नाही. डब्यातून काढून उन्हात धरली की लहान मूल हात पुढे करतंच.

मावळे. दिवाळीत किल्ल्यांसाठी कुंभारवाड्यात मिळतात त्यातले मातीचे आणि प्लॅस्टरचे नापास. एकाचा फेटा आणि चेहरा मिळून एकच रंग झाला होता, भाल्याची काडी सुटून पडली होती. प्लॅस्टिकचे ठणठणीत. माझ्या नावाची खूण म्हणून, म्हणजे सिग्नेचर आयटम म्हणून, तोच ठरवला आहे: तळव्याला माझं कॅशिंगचं टोपणनाव परमनंट मार्करने, वरून नेलपॉलिशचा पारदर्शक हात. नेलपॉलिशशिवाय मार्कर पुसट होतो, हे दोन मावळे शेजारी ठेवून पाहिलं.

आणि नाणी. यावर मी खरं तर स्वतंत्र नोंद लिहायला हवी. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे कुणी 'पैसे ठेवलेत' म्हणून डबा रिकामा करायची भीती कमी. आणि धातू काय निवडले होते बघा! कडा नागमोडी असलेले दहा पैसे, षटकोनी वीस पैसे, गोल कोपऱ्यांचे चौकोनी पाच पैसे, ही ॲल्युमिनियमची. हाताला वजनच लागत नाही. कीचेनच्या कडीशेजारी पडलेल्या वीस पैशांवर तांबडा डाग होता, तो नखाने निघाला. नाण्याला काही झालं नव्हतं. गेंड्याचं चित्र असलेलं चार आण्याचं नाणं स्टेनलेस स्टीलचं. चुंबकाला चिकटतं, तरी गंजाचा ठिपका नाही. चार नाणी, चार आकार, आणि परदेशी पाहुण्याला ती हातात घेऊन फिरवावीशी वाटतात. आजीच्या फडताळातल्या डब्यात नसतील तर बुधवारी किंवा रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात चक्कर मारा. पॉलिश करू नका. घासलेलं नाणं जमवणाऱ्याला नको असतं.

मावशींनी केलेली निवड

शेतावर राखणीला जे कुटुंब आहे, त्यांतल्या मावशींना मी डबा भरायच्या आधी सगळा माल अंगणात मांडून दाखवला होता. कारण हा डबा कॅशरच्या आधी त्यांच्या किंवा गुराख्याच्या हाती लागण्याचीच शक्यता जास्त.

मावशींनी कवड्या, काळ्या दोऱ्यातले मणी आणि नाणी ठेवायला आणलेली लाल कापडाची थैली बोटाने बाजूला सारली. "भाऊ, हे झाडाखाली डब्यात दिसलं तर आमचा गडी त्या बांधाला जायचा नाही. कुणी करणी केली म्हणंल."

"आणि नाणी?"

"लाल फडक्यात नको. अशीच सुटी ठेवा. गोट्या हायेत ना संग, मग पोरांचा खेळ वाटतो."

याचा विचार परदेशी मार्गदर्शिकांमध्ये तुम्हाला सापडणार नाही. तिथे चाकू, दारू, औषधं, फटाके, मोठ्यांसाठीच्या वस्तू नकोत एवढं सांगितलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. आपल्या यादीत त्यात भर: लिंबू, टाचण्या, काळे दोरे, हळदकुंकू, अंगारा, देवाची प्रतिमा, लाल कापड. देवाची तसबीर श्रद्धेने कुणी ठेवेल, पण पुढच्या माणसाला ती डब्यातून काढताही येत नाही आणि आत ठेवून झाकणही लावता येत नाही. कवड्या मी चाचणीपुरत्या ठेवल्या, पावसात छान टिकल्या, आणि तरी त्या खऱ्या डब्यात जाणार नाहीत.

दुसरी भीती बेवारस वस्तूची. तिकडे लष्कराची जुनी दारूगोळ्याची पेटी ही कॅशची शान समजली जाते. आपल्याकडे तसली पेटी बांधात सापडली तर कॅशरआधी पोलीस पोचतील. म्हणून डबा पारदर्शक, आणि आतून बाहेर वाचता येईल असा मराठी कागद, लॅमिनेट केलेला: 'हा शोधाच्या खेळाचा डबा आहे. जागेच्या मालकाच्या परवानगीने ठेवला आहे. पाहून झाल्यावर झाकण नीट लावून होता तिथे ठेवा.' आत वायर, बॅटरी, टिकटिक करणारं घड्याळ असलं काही नको. बॅटरी तशीही फुटून गळते.

आता थोडं जुन्या काळाचं. जीपीएसच्या उपग्रहांच्या सिग्नलमधला मुद्दाम घातलेला घोळ अमेरिकेने मे २०००च्या सुरुवातीला काढून टाकला आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ पहिली बादली ठेवली. काही घ्या, काही ठेवा, एवढाच नियम. आत लॉगबुकाबरोबर पुस्तकं, सॉफ्टवेअर, व्हिडिओ, एक बेचकी आणि बीन्सचा बंद डबा. म्हणजे पहिल्याच कॅशमध्ये खाऊ होता आणि बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती. आजच्या नियमांनी ती मंजूर झाली नसती. तो बीन्सचा डबा पुढे ट्रॅकेबल, म्हणजे कोडवरून माग काढता येणारी वस्तू, होऊन फिरायला लागला, हे मात्र मला फार आवडतं.

अदलाबदलीचा शिष्टाचार आता पक्का आहे: जेवढ्याचं घ्याल तेवढ्याचं किंवा थोडं सरस ठेवा, नाहीतर नुसती सही करून पुढे जा. काही न घेता आणि न ठेवता जाण्यात कमीपणा नाही. मात्र बसचं तिकीट, हॉटेलचं कार्ड, तुटलेली हेअरपिन ठेवण्यापेक्षा तेच बरं. चार लोकांनी असा कचरा ठेवला की पाचवा त्याच दर्जाचं ठेवतो आणि वर्षभरात डबा खिशातला गाळ होतो.

सागरगोट्यांबद्दल एक गोष्ट वेगळी. टिकतात उत्तम, दिसतात सुंदर, घासले की गरम होतात म्हणून पोरं खूश. पण ते बी आहे. आपल्याकडच्या कॅशेस शोधणाऱ्यांत बाहेरून आलेले पाहुणे आणि सुट्टीवर आलेले आपलेच लोक बरेच असतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या विमानतळावर बिया, लाकूड, पिसं यांची कसून चौकशी होते. मोरपिसाची तर आपल्याकडूनच निर्यात बंद आहे. पाहुण्याला प्रेमाने दिलेली वस्तू त्याला कस्टमच्या रांगेत महागात पडू नये. त्यामुळे काच, धातू, प्लॅस्टिक. सागरगोटे भाचीला दिले.

ट्रॅव्हल बग आणि जिओकॉइन, म्हणजे एका कॅशमधून दुसरीत फिरणाऱ्या अशाच ट्रॅकेबल वस्तू, हे स्वॅग नव्हेत, त्यांच्या बदल्यात काही ठेवावं लागत नाही. पण उचलला तर पुढे न्यायचा आणि कोड नोंदवायचा. आपल्या भागात कॅशेस विरळ, मधलं अंतर मोठं, त्यामुळे ते अडकून पडतात. माझ्या डब्यात त्यांच्यासाठी जागा आहे, पण वर्णनात स्पष्ट लिहिणार आहे: लवकरच मुंबई-पुण्याबाहेर जाणार असाल तरच उचला.

सध्याची भरती अशी: गोट्या, सुटी पैशांची नाणी, प्लॅस्टिकचे मावळे, घुंगरू, दोरा ओवलेली दोन कीचेन, पहिल्या शोधकासाठी गेंड्याच्या नाण्यांचा छोटा संच. लॉगबुक, पेन्सिल, मराठी कागद. डबा निम्माच भरला आहे, येणाऱ्याला ठेवायला जागा हवी. कोऑर्डिनेट्स पुन्हा एकदा सकाळी आणि दुपारी घेऊन त्यांची सरासरी काढायची आहे, मग नोव्हेंबरात नोंदणीला पाठवतो. दुसरा चाचणीचा डबा त्याच बांधाच्या टोकाला जाईल: मीनाकारीचे बिल्ले, काचेचे मणी नायलॉनमध्ये ओवलेले (काळे सोडून), आणि गारेचे खडे. खडे दगडच आहेत, टिकणारच. पण लॅमिनेट केलेल्या कागदाच्या कडेतून ओल शिरते की नाही, हे मला जास्त पाहायचं आहे. कुणी कडा मेणाने बंद करून पाहिल्या असतील तर उन्हात त्यांचं काय झालं ते जरूर सांगा.