पाच डोंगल, एकच भिंत

सध्या आमच्या हॉलभर डोंगल पसरलेत. आरटीएल-एसडीआर, म्हणजे मुळात टीव्ही बघण्यासाठी बनवलेला स्वस्तातला ८ बिटचा रिसीव्हर. त्यांच्यावर स्पेक्ट्रम सेन्सिंग करून बघतोय, म्हणजे रेडिओ चॅनेल रिकामा आहे का ते ऐकून ठरवणं. त्यातला प्रश्न एका ओळीचा: परवानाधारक आत्ता या चॅनेलवर आहे का? नसेल तर तेवढा वेळ आपण वापरू. एकटा रिसीव्हर इमारतीच्या आडोशाला असला की त्याला भरलेला चॅनेलही रिकामा वाटतो, म्हणून पाच जणांना विचारायचं.

डोंगल किती चुकतं हे तपासायला खात्रीचा सिग्नल लागतो. स्वतः प्रक्षेपण करायला परवाना हवा. त्यापेक्षा विविध भारतीचा एफएम सिग्नल आयता आहे. तो चालू असताना डोंगल ‘रिकामं’ म्हणालं, तर ते चुकलं. उलटी चूक, म्हणजे काही नसताना ‘आहे’ म्हणणं, मोजायला अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा लोड (सिग्नल न देणारा रोध) लावायचा. त्याआधी ऑटोमॅटिक गेन (आपोआप कमी-जास्त होणारं वर्धन) बंद! नाहीतर थ्रेशोल्डला, म्हणजे ज्या पातळीच्या वर ‘आहे’ म्हणायचं तिला, काही अर्थच उरत नाही. डोंगल तापलं की नॉइजची (रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीची) पातळीही हलते, आणि ती पातळी १ डेसिबल इकडेतिकडे असेल तर ऊर्जा मोजणारा डिटेक्टर उणे ३.३ डेसिबल एसएनआरच्या (सिग्नल आणि नॉइज यांच्या गुणोत्तराच्या) खाली आंधळा होतो. हीच ती भिंत, ‘एसएनआर वॉल’. मग तासभर सरासरी काढा, उपयोग नाही.

आता मतदान. प्रत्येकाचा खोटा इशारा १० टक्के धरला आणि ‘एकानेही हो म्हटलं तर हो’ असा नियम लावला, तर पाच जणांचा मिळून ४१ टक्के होतो. दोघांचं एकमत मागितलं की ८ टक्क्यांवर येतो. मला दोघांचा नियम पटतो.

मात्र हे गणित पाचही जण स्वतंत्र असतील तरच खरं. बऱ्याच प्रात्यक्षिकांत सगळे रिसीव्हर एकाच टेबलावर मांडलेले दिसतात. पाच साक्षीदार, पण पाचही एकाच खिडकीत उभे. एफएमची तरंगलांबी सुमारे ३ मीटर, त्यामुळे डोंगल दीड-दोन मीटर सरकवलं तरी परावर्तनामुळे होणारा चढउतार बदलतो. इमारतीची सावली तशी हटत नाही, तिच्यासाठी दहा-वीस मीटर तरी लांब जावं लागतं. म्हणून एक डोंगल गच्चीवर, एक पार्किंगमध्ये, एक जिन्यात गेलंय. (वॉचमनकाकांना ‘रेडिओ’ एवढंच सांगितलंय.)

अमेरिकेत एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) २०१० मध्ये, कुठे कोणता चॅनेल भरलेला आहे याचा डेटाबेस वापरणाऱ्या उपकरणांवरची सेन्सिंगची सक्ती काढली, तेव्हा हे सगळं कशाला, असं एका मित्राने विचारलं. टीव्हीचे मनोरे डेटाबेसमध्ये सापडतात, हे मान्य. पण मांडवातला वायरलेस माइक कोण नोंदवणार? गणपतीत तेच मोजायचं आहे.